पांढऱ्या डागाखालचा समुद्र

मी एक जुना प्लॉटर आहे, आणि मला पांढऱ्या रंगाची भीती वाटते.

हसलात ना? हसा. ज्याचा सगळा जन्म पांढऱ्या कागदावर गेला, त्याने पांढऱ्याला भ्यावं म्हणजे नवलच. पण मित्रांनो, दर महिन्याला तुमच्यासारखी शाळेतली मुलं या कार्यालयात येतात, जिन्याजवळच्या या बोळात माझ्यासमोर उभी राहतात आणि विचारतात, "हे काय आहे? फ्रीज आडवा ठेवलाय का?" तेव्हा वाटतं, एकदा सगळं सांगूनच टाकावं. माझ्यावर टाकलेली ही चादर जरा बाजूला करा. तो छत्र्यांचा ढीगही माझा नव्हे. आणि ऐका.

प्लॉटर म्हणजे मोठे नकाशे छापणारं यंत्र. माझी रुंदी एका माणसाच्या उंचीएवढी आहे. पोटात कागदाचा जाडजूड गुंडाळा बसतो आणि चार शाया असतात: निळी, लाल, पिवळी आणि काळी. माझं डोकं मात्र तुमच्यासारखं मानेवर बसलेलं नाही. ते एका रुळावरून इकडून तिकडे धावतं आणि धावता धावता शाईचे थेंब सोडतं. डोकं जाग्यावर राहत नाही म्हणून मला कुणी वेडा समजू नये. माझं काम फार अचूक होतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण आता सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

कारखान्यात माझे भाग जुळले, तिथल्या एका तपासनिसाने माझ्याकडून एक सरळ रेघ काढून घेतली, भिंगातून पाहिली आणि मान डोलावली. माझं बालपण म्हणजे तेवढंच. मग खोक्यात अंधार, मग जहाज, मग या इमारतीचा जिना. दारातून मी आत जाईना. तीन हमाल, एक सुतार आणि साहेब असे सहा जण दारापाशी वाद घालत बसले होते.

सहा नव्हे, पाच. सहावी होती नकाशेबाई, आणि ती वाद घालत नव्हती. तिने बिजागरीचे स्क्रू काढून दारच उतरवलं आणि म्हणाली, "आता आणा आत."

नकाशेबाई हे तिचं खरं नाव नव्हे, पण इमारतीच्या रखवालदारापासून बंदरातल्या कप्तानांपर्यंत सगळे तिला तसंच म्हणत. तेव्हा तिचे केस काळेभोर होते. काम सुरू करण्याआधी ती माझ्या झाकणावर दोनदा थाप मारी आणि म्हणे, "चल रे बाबा." ती थाप पडली नाही तर माझा दिवस नीट जात नसे.

आमचं काम तुम्हाला सोप्या शब्दांत सांगतो. आकाशात खूप उंचावर एक उपग्रह फिरतो. आई ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून पाहते ना, तसा तो समुद्राचा ताप पाहतो, फक्त हात न लावता, लांबूनच. पाण्यातून वर येणारी उष्णता तो टिपतो आणि त्याचे आकडे खाली पाठवतो. आमच्या गच्चीवरच्या मोठ्या तबकडीत ते आकडे येतात. नकाशेबाई संगणकावर समुद्राचे बारीक बारीक चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनाचा आकडा घेते आणि वर्षाच्या त्या दिवसांत तिथलं पाणी नेहमी किती गरम असतं त्याच्याशी पडताळते. नेहमीसारखं असेल तर पिवळं, थंड असेल तर निळं, गरम असेल तर नारिंगी, फार गरम असेल तर लाल. आकड्यांचे डोंगर पाहून माणसाला काही कळत नाही. रंग पाहिला की कळतं.

आणि ढग असतील तिथे पांढरं. कारण ढगांच्या आड उपग्रहाला पाणी दिसत नाही. तिथे माझं डोकं एकही थेंब न सोडता नुसतं पुढे जाई.

रोज दुपारी बारा वाजता माझा नकाशा बाहेर पडे आणि दाराशेजारच्या काचेच्या फळ्यावर लागे. कालचा काढायचा, गुंडाळायचा, कपाटात टाकायचा, आजचा लावायचा. बंदरातले कप्तान, मासेमारीचे ठेकेदार, बर्फवाले, सगळे तिथे घोळक्याने उभे राहत. पहिल्या वर्षी तर माझा काय तोरा होता! पाहुणे आले की साहेब त्यांना आधी माझ्यापाशी आणत. एका कप्तानाने माझ्या नकाशावर बोट टेकवून म्हटलं होतं, "आमचे आजोबा पाण्यात हात घालून सांगायचे, हा कागदावर सांगतो." मी दोन दिवस त्या एका वाक्यावर छापत होतो.

नकाशेबाईला एक धाकटा भाऊ होता. त्याला ती बारक्या म्हणे. हा बारक्या पहिल्यांदा आला तेव्हा दारात वाकून आत शिरला, एवढा उंच. खांदे तर सुताराने पुन्हा दार उतरवावं असे. पण बहिणीच्या तोंडी तो बारक्याच.

बारक्या माशांचं पालन करी. इथून अर्ध्या दिवसाच्या बोटीच्या वाटेवर एक खाडी आहे, तिच्या तोंडाशी त्याचे आठ पिंजरे तरंगत. पिंजरा म्हणजे जाळ्याचं मोठं गोल घर, वरून उघडं, खालून बंद. त्यात बोटाएवढी पिल्लं सोडायची आणि चार वर्षं त्यांना खाऊ घालायचं. तो, त्याची बायको आणि चार गडी, सगळ्यांचं पोट त्या आठ पिंजऱ्यांवर. पाणी तापलं की माशांचा जीव घाबरा होतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मग पिंजरे बोटीला बांधून बाहेरच्या खोल, गार पाण्यात ओढत न्यावे लागतात. त्याला दोन दिवस लागतात, जाळी ताणली जातात, आणि कितीही सांभाळलं तरी ओढताना बरेच मासे मरतात. म्हणून उगाच ओढायचं नाही. कधी ओढायचं हे बारक्या बहिणीला विचारी. दर सोमवारी माझा एक नकाशा नळकांड्यात घालून टपालाच्या बोटीने त्याच्याकडे जाई. तो खोलीच्या भिंतीवर लावी आणि जिथे पिंजरे आहेत तिथे पेन्सिलीने फुली मारी. मला त्या फुलीचा फार अभिमान होता. माझ्या कागदावर विश्वासून कुणीतरी घर चालवत होतं.

आता मित्रांनो, ती चूक सांगतो. ती एका बऱ्या हेतूने झाली.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एके दिवशी किनाऱ्याजवळ एक लालभडक ठिपका उमटला. आकडा होता नेहमीपेक्षा अकरा अंश जास्त. ते अर्थातच खोटं होतं, उपग्रहाच्या यंत्रात काहीतरी गडबड झाली होती. पण फळ्यापाशी हशा पिकला. "नकाशेबाई, तुमचा समुद्र उकळायला लागला की काय? तांदूळ टाकू का?" साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "असले ठिपके लोकांना दिसता कामा नयेत."

नकाशेबाईने त्याच दुपारी संगणकात एक ओळ लिहिली. ढगांच्या कडा पाण्यापेक्षा फार थंड दिसतात, म्हणून नेहमीपेक्षा चार अंशांहून थंड आकडा ती आधीपासूनच टाकून देत असे आणि तिथे पांढरं ठेवत असे. आता तिने तोच नियम गरमकडेही लावला. चार अंशांहून जास्त गरम आला तर तो आकडा चुकीचा समजायचा, टाकून द्यायचा आणि ती जागा पांढरी सोडायची. समुद्र खरोखर तेवढा तापेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. साहेब खूश झाले. "बघा, नकाशा कसा स्वच्छ दिसतो!" खरं सांगतो, मीही खूश झालो. त्या डागाने माझी अब्रू गेली होती.

ती ओळ अकरा वर्षं तिथे पडून राहिली आणि सगळे तिला विसरून गेले.

त्या अकरा वर्षांत एक गोष्ट हळूहळू बदलत होती आणि ती फक्त माझ्या पोटाला कळत होती. सुरुवातीला माझी निळी शाई आधी संपायची. मग निळी आणि लाल बरोबर संपू लागल्या. मग लाल आधी, मग लाल फारच आधी. दुरुस्तीवाले काका दर सहा महिन्यांनी येत, माझं पोट उघडत आणि डोकं खाजवत. एकदा म्हणाले, "बाई, याला लाल फार लागते हो. कुठेतरी गळतंय याचं." त्यांनी मला सगळं सुटं केलं, प्रत्येक नळी फुंकून पाहिली. कुठेही गळत नव्हतं. "ठणठणीत आहे," म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. माझ्यात काही बिघाड नसेल तर बिघाड कुठे आहे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मला पडला होता, आणि तेव्हापासून माझ्या मनाला स्वस्थता म्हणून नव्हती.

मग तो उन्हाळा आला.

एका गुरुवारी खाडीच्या तोंडाशी लाल रंगाच्या मधोमध एक पांढरा ठिपका आला. नखाएवढा. ढग असेल, म्हटलं. शुक्रवारी तो नाण्याएवढा झाला. शनिवारी तो तिथेच होता, रविवारीही तिथेच, फक्त मोठा. मित्रांनो, मी हजारो ढग छापले आहेत, म्हणजे हजारो ढगांच्या जागा सोडल्या आहेत. ढग सरकतो, फाटतो, लांबतो, दुसऱ्या दिवशी पत्ता बदलतो. हा हलत नव्हता. एका जागी बसून तो वाढत होता, आणि त्याच्या भोवतीचा लाल रंग दिवसेंदिवस गडद होत होता. लाल, लाल, लाल आणि मध्ये एकदम काहीच नाही. माझं डोकं लाल थेंब सोडत त्या कडेपर्यंत जाई आणि मग त्या रिकाम्या जागेवरून कोरडंच जाई. तेव्हा माझ्या रुळावरून थंडगार काहीतरी सरकल्यासारखं वाटे.

बाकीच्यांना कसं दिसलं नाही, असं विचाराल. कारण आमची पद्धत तुम्हाला सांगितली ना, कालचा नकाशा काढायचा, गुंडाळायचा आणि कपाटात टाकायचा. दोन दिवसांचे नकाशे शेजारी शेजारी लावून कुणी पाहतच नव्हतं. ते सगळे एकापाठोपाठ गेले होते फक्त माझ्या डोक्याखालून.

सोमवारी तो डाग तळहाताएवढा होता. सोमवारचा नकाशा बारक्याकडे जातो. त्याची फुली कुठे पडणार हे मला पाठ होतं. ती बरोबर त्या पांढऱ्यात पडणार होती. तो कागद नळकांड्यात जाताना मी नुसता पाहत राहिलो. पण करणार काय? माझ्यापाशी बोलायला तोंड नाही. मला दिलं जाईल तेच मी छापतो.

मंगळवारी माझ्यात कागद अडकला. अगदी त्या डागाच्या कडेवर. मी मुद्दाम अडकवला का, हे मला आजही सांगता येणार नाही. नकाशेबाईने झाकण उघडलं. "आज काय रुसलास?" म्हणाली. चुरगळलेला कागद तिने अलगद काढला, तिचं बोट त्या पांढऱ्या जागेवरून गेलं, आणि तिने तो टोपलीत टाकला. दुसऱ्यांदा मी नीट छापलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच वेळी फोन वाजला. तिचे हात कागदाच्या गुंडाळ्यात गुंतलेले असत, म्हणून फोन ती माझ्या झाकणावर ठेवून मोठ्या आवाजात लावी. बारक्याचा आवाज आला. वाऱ्याने तो तुटत होता.

"ताई, मासे खात नाहीयेत गं. वर येऊन नुसती तोंडं उघडतायत. ओढू का बाहेर?"

तिने समोरच्या नकाशावर पाहिलं. "तुझ्यावर ढग आहे रे. ढगाखाली पाणी तापायचं नाही, उलट निवेल. उगाच ओढलंस तर निम्मे वाटेतच मरतील. थांब दोन दिवस."

मग तो म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर थांबतो."

मला ओरडता आलं असतं तर त्या क्षणी मी ओरडलो असतो. झाकणावर फोन होता, झाकणाखाली मी होतो, आणि मधल्या दोन बोटांच्या अंतरातून काहीही पलीकडे जात नव्हतं.

बुधवारी डाग आणखी वाढला.

गुरुवारी फोन आला तो बारक्याच्या बायकोचा. ती रडत नव्हती, पण बोलताना धाप लागल्यासारखी थांबत होती. "ताई, हे पहाटेपासून पिंजऱ्यांवरच आहेत, खाली उतरत नाहीत. मेलेले मासे वर यायला लागलेत. आणि ऊन तर असं, की वाळत घातलेलं जाळं हाताला चटके देतंय."

नकाशेबाईचा हात कागदावर होता तिथेच थांबला. "ऊन? तिथे ढग नाहीत?"

"ढग? अहो, दहा दिवस झाले, ढगाचा तुकडा नाही दिसलेला."

फोन तसाच चालू ठेवून ती कपाटाकडे धावली. आठ दिवसांचे नकाशे तिने काढले आणि फरशीवर ओळीने पसरले. नख, नाणं, तळहात, मग दोन तळहात. ती गुडघ्यांवर बसली होती. "हा ढग नाही," ती म्हणाली. तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणजे ते तिने मलाच सांगितलं.

मग ती संगणकापाशी गेली. ती जुनी ओळ शोधायला तिला फार वेळ लागला नाही, कारण तिनेच लिहिली होती. तिने ओळ पुसली आणि माझ्या झाकणावर थाप न मारताच छापायला लावलं.

तो नकाशा मी जन्मात विसरणार नाही. माझं डोकं त्या जागेपाशी आलं आणि इतके दिवस कोरडं गेलं होतं तिथे थेंबावर थेंब पडू लागले. चार अंश आणि वर थोडं. साडेचार. पाच. सव्वापाच. रुळाच्या प्रत्येक फेरीला लाल आणि आणखी लाल. कागद भिजला, फुगला, सुरकुतला. कुणीतरी आतून दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं होतं. मी भीतीने थरथरत होतो, आणि ती समजत होती की माझा पट्टा सैल झालाय. मग अर्ध्या डागावर माझी लाल शाई संपली. उरलेला डाग फिकट पट्ट्यापट्ट्यांचा आला. पण तेवढा पुरे होता.

ती फोनवर किंचाळली, "त्याला सांग, ओढ म्हणावं! आत्ता! जेवढे ओढता येतील तेवढे ओढ!"

साहेब दारात येऊन उभे राहिले. ती त्यांना फक्त एवढंच म्हणाली, "आपण समुद्राचं खरं बोलणं खोटं ठरवून खोडत होतो." त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावरचा आदल्या दिवसाचा नकाशा काढला आणि तो ओला, पट्ट्यापट्ट्यांचा कागद लावला. फळ्यासमोरच्या घोळक्यात त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आठ पिंजऱ्यांपैकी तीन वाचले.

पुढच्या आठवड्यात बारक्या आला. दारातून वाकून आला, पण आत आल्यावर पुन्हा ताठ उभा राहिलाच नाही. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. त्याच्या अंगाला एक वास होता, त्याचं वर्णन मी करणार नाही. हातात सोमवारचा नकाशा होता, पांढऱ्या डागात पेन्सिलीची फुली असलेला.

नकाशेबाई त्याच्यासमोर उभी होती. "बारक्या, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मीच लिहिलं होतं ते. मीच तुला थांब म्हटलं."

त्याने त्या फुलीवर बोट ठेवलं. "मी रोज पाण्यात हात घालत होतो गं ताई," तो म्हणाला. "कोमट लागायचं. वर पाहायचो तर आकाश स्वच्छ. पण कागदावर ढग होता. म्हटलं, आपली नजर पोचून पोचून कुठवर पोचणार, ताईचा तर उपग्रह आहे."

तेव्हा ती रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्याने तिचा हात धरला, इतक्या सावकाश, की हात नसून पिल्लू असावं. "तुला तिथलं आकाश दिसलंच नाही," तो म्हणाला. "मी तर पाहिलं, आणि विश्वास ठेवला नाही. सांग, कुणाला रागवू?"

त्या दिवसापासून आमच्याकडे नवी पद्धत आली. ढग असेल तिथे राखाडी रेघा. आणि जो आकडा खरा वाटत नाही, तो पुसायचा नाही. त्याला त्याचा रंग द्यायचा, भोवती काळी रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, 'तपासा'. साहेब एकदा म्हणाले, "नकाशा जरा गिचमीड दिसतो." नकाशेबाई म्हणाली, "दिसू दे." शिवाय रोज दुपारी, छापायच्या आधी, ती भावाला फोन करी. तिकडे तो पाण्यात हात घाली आणि सांगे. मग ती आकडा पाही. दोघांचं जुळलं नाही तर त्या दिवशी कुणी जेवायला उठत नसे.

पुढे मी म्हातारा झालो. माझ्या लाल शाईची छिद्रं आधी बुजली, फार वापरली गेल्यामुळे. नवा प्लॉटर आला. तो सडपातळ असल्यामुळे दार काढावं लागलं नाही. मला या बोळात आणलं. पहिल्या महिन्यात येणारेजाणारे थबकत. मग माझ्यावर छत्र्या आल्या, डबे आले, कुणाचं तरी हेल्मेट आलं. धुळीने माझा रूळ चिकटला. नकाशेबाई येते तेव्हा चादर नीट करते, आणि मुलं आली की माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर टांगलेला तो पट्ट्यापट्ट्यांचा नकाशा त्यांना दाखवते. तो पाहिलात ना? नीट पाहा. त्याच्या शेजारी नव्या प्लॉटरचा एक नकाशा आहे, तोही पाहा. त्याच्या कोपऱ्यात रंगांचे चौकोन आहेत. माझ्या वेळी शेवटचा चौकोन लाल होता. याच्यात लालच्या पुढे आणखी दोन आहेत, एक जांभळा आणि एक जवळजवळ काळा. गेल्या वेळी एका मुलीने विचारलं, "हे रंग कशाला?" नकाशेबाई म्हणाली, "ठेवलेत. अजून लागले नाहीत."

त्या दोन चौकोनांकडे पाहत मी दिवस काढतो. पूर्वी पांढऱ्याला भीत होतो, आता त्यांनाही भितो. ज्याने कुणी ते नकाशाच्या कोपऱ्यात ठेवले, त्याला काहीतरी माहीत असणार.

मित्रांनो, मी आता कुणाच्या कामाचा नाही, पण एक मागणं मागतो. माझ्यावरच्या छत्र्या काढल्या नाहीत तरी चालेल. तुमच्या वहीत, तुमच्या आकड्यांत, घरच्या माणसाच्या बोलण्यात एखादी गोष्ट खरी वाटणार नाही इतकी वाईट निघाली, तर ती पुसून जागा स्वच्छ ठेवू नका. काळी रेघ मारा, आणि तिथे जो राहतो त्याला विचारा. समुद्राला सांभाळायचं ते फार मोठ्या माणसांनी, असं तुम्हाला वाटत असेल. पण त्याचा ताप खरा मानणं हे तुम्हालाही जमेल, आणि सांभाळणं तिथूनच सुरू होतं.

एवढं बोलून थांबणार होतो. पण आज दुपारी जे झालं तेही सांगायला हवं.

बारा वाजायच्या सुमारास नकाशेबाई बोळात आली. केस आता पांढरे झालेत तिचे. हातात आजचा नकाशा होता, अजून ओला. ती माझ्यावर टेकली, फोन झाकणावर ठेवला, जुन्या सवयीने.

"बारक्या, हात घाल पाण्यात."

पलीकडून पाण्याचा आवाज आला.

"काय म्हणतंय?"

"आधी तू सांग ताई. तुझा कागद काय म्हणतोय?"

"नाही. आधी तू."

मी खाली, झाकणाआड, श्वास नसताना श्वास धरून होतो. नकाशाचा कोपरा माझ्या चादरीवर लोंबत होता. खाडीच्या तोंडाशी काळी रेघ होती, आणि रेघेच्या आत जांभळा रंग.

फोनमधून बोटीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज, दुसऱ्याच कुणाला तरी दिलेला: "सोड रे पिंजऱ्यांचे दोर! सगळे सोड!" आणि मग तिला, अगदी हळू, "निघालो गं ताई. आता सांग."

तिने सांगितलं. तिचा तळहात माझ्या झाकणावर होता, आणि त्या दोन थापा आज इतक्या वर्षांनी पुन्हा पडल्या.